भोपळ्याचं बी खिडकीत लावू की आळ्यात?

पत्र थोडक्यात असं : पाटण खोऱ्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय. घरामागे दोन गुंठ्यांचं परस आहे, विहिरीला उन्हाळाभर पाणी असतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जूनअखेरीस लाल भोपळ्याचं बी थेट आळ्यांत टोकलं. निम्म्याहून जास्त उगवलंच नाही. म्हणून गेल्या वर्षी परदेशी बागकामाचे व्हिडिओ बघून मेअखेरीस स्वयंपाकघराच्या खिडकीत, अंड्यांच्या ट्रेमध्ये बारा बिया लावल्या. दहा उगवल्या. रोपं महिनाभर घरात वाढवली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात परसात लावली. त्यातली आठ पंधरवड्यात गेली, उरलेली दोन नुसती जीव धरून राहिली. त्याच पावसाळ्यात उकिरड्यावर कुणी न लावलेला वेल आला आणि त्याला पाच भोपळे लागले. सासूबाई म्हणतात, "भोपळ्याची कसली गं रोपं करतेस? बी टाकलं की येतं." यजमान म्हणतात, कलिंगडवाले आणतात तशी रोपवाटिकेतून रोपं आणू. यंदा भावाने दहा बियांचं महागाचं संकरित पाकीट आणून दिलंय, घरचं देशी बीही आहे आणि मृग तोंडावर आलाय. "घरात रोपं करू की थेट परसात टोकू, एकच काय ते सांगा," असं त्यांचं म्हणणं.

ताई,

एकच सांगायचं तर घरचं देशी बी थेट आळ्यात टोका, पाकिटातल्या बियांची पिशवीत रोपं करा, आणि यातलं काहीही स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू नका. हे एक उत्तर झालं की तीन, ते तुम्ही ठरवा. पण तुमचा प्रश्न 'घरात की बाहेर' असा आहे आणि मला वाटतं तुमची अडचण तिथे नाहीच.

घरात बी लावायचा सल्ला आला कुठून, ते आधी बघू. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात, इंग्लंडमध्ये मेच्या मध्यापर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही, रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. अशा एका रात्रीत भोपळ्याचं रोप काळं पडून संपतं. पुढे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पुन्हा तीच गत. मधल्या चार-पाच महिन्यांत सगळं उरकायचं आणि भोपळ्याला तर पेरणीपासून फळ पिकेपर्यंत जातीप्रमाणे ९० ते १२० दिवस लागतात. शिवाय तिकडे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला भोपळा दारात हवा असतो. म्हणून ती मंडळी बाहेर थंडी असतानाच घरात, बहुतेकदा दिव्यांच्या उजेडात, बी उगवून घेतात. त्यांचं बरोबरच आहे. रोपं करणं हा तिथे थंडीवरचा उपाय आहे.

तुमच्याकडे मेअखेरीस थंडी कुठली? भोपळ्याचं बी १५-१६ अंशांच्या खाली जवळपास उगवत नाही. २५ ते ३५ अंशांत ते चार दिवसांपासून आठवड्याभरात वर येतं. पाटणच्या मेमधल्या ओल्या केलेल्या मातीत त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. जो आजार तुमच्या परसाला नाही, त्याचं औषध तुम्ही गेल्या वर्षी दिलंत आणि त्या औषधाचे त्रास मात्र सगळे सोसलेत.

ते त्रास कुठले? पहिला उजेडाचा. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. उजेड शोधायला रोप दांडा ताणतं. उघड्यावर उगवलेल्या भोपळ्याची पहिली दोन जाड पानं जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटरवर असतात. खिडकीतल्या रोपाची दहा-बारा सेंटीमीटरवर जातात, तीही एका अंगाला कललेली. असा ताणलेला दांडा वाऱ्यात मोडतो, पावसाच्या माऱ्याने आडवा होतो आणि मातीला टेकला की तिथेच कुजतो.

दुसरा त्रास मुळांचा, आणि माझ्या मते तुमची रोपं मुख्यतः यानेच गेली. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं वाफ्यातून उपटून लावली तरी चार दिवसांत सावरतात, कारण त्यांना नवी मुळं झपाट्याने फुटतात. भोपळा, काकडी, दोडका, कारलं या कुळाचं तसं नाही. यांच्या मुळांवर लवकर जाडसर आवरण चढतं आणि तुटलेल्या जागी नवी केसमुळं फुटायला फार वेळ लागतो. त्यात भोपळ्याचं सोटमूळ घाईचं असतं. वर दोन पानं दिसतात तेव्हा खाली ते कधीच तळ शोधायला निघालेलं असतं. अंड्याच्या ट्रेच्या खळग्यात माती मावते दोन-तीन चमचे. आठवड्याच्या आत मूळ तळाला टेकतं आणि गोल फिरू लागतं. रोप काढताना तळाशी पांढऱ्या मुळांची चकती तुम्ही पाहिली असेल, आणि ट्रेच्या पुठ्ठ्यात घुसलेली मुळं ओढताना तटातट तुटलीही असतील. अशा ट्रेमध्ये महिना म्हणजे तिप्पट-चौपट उशीर.

तिसरं, जुलैचा पहिला आठवडा. तुमच्या खोऱ्यात तेव्हा पाऊस उसंत देत नाही, ऊन दिसत नाही, जमिनीत पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही. अर्धी मुळं तुटलेलं रोप अशा मातीत लावलं तर नवी मुळं फुटण्याआधी जुनी कुजतात. दोन रोपं जगली हेच आश्चर्य म्हणायचं.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते निम्मं खरं आहे. एका पिकल्या भोपळ्यात शंभर-दोनशे, कधी त्याहूनही जास्त बिया असतात. वर्षभरात तुमच्या उकिरड्यावर किती भोपळ्यांचा मगज पडला असेल? त्यातल्या किती बिया उंदरांनी नेल्या, किती कुजल्या, किती उगवून मेल्या, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. जो वेल जगला तो सगळ्यांना दिसतो. 'टाकलं की येतं' हे शेकडो बिया टाकणाऱ्याचं वाक्य आहे. दहा बियांचं पाकीट हातात असलेल्या माणसाला ते लागू नाही.

पण त्या वेलापासून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. उकिरडा जमिनीपासून उंच असतो, त्यामुळे पावसाचं पाणी त्यात थांबत नाही. कुजलेल्या खतामुळे तो भुसभुशीत आणि आतून उबदार असतो. मुळाला कुणी हात लावलेला नसतो. आणि ते बी बहुधा वळवाच्या पावसावर मेमध्येच रुजलेलं असतं. जुलैची झड लागली तेव्हा त्या वेलाला चांगली सात-आठ पानं असणार. तुम्ही जूनअखेरीस टोकलेलं बी नेमकं झडीच्या तोंडी सापडलं. (त्या वेलाचे भोपळे चवीला चांगले निघाले असतील तर ठीक. आपोआप आलेल्या वेलाचं बी ज्या फळातलं, त्याचं परागीभवन कशाशी झालं होतं हे ठाऊक नसतं. कधी फळ कडू लागलं तर शिजवून कडूपणा जाईल या आशेवर राहू नका, सरळ टाकून द्या.)

तेव्हा दोन वर्षांपूर्वीची तुमची चूक थेट टोकण्याची नव्हती, वेळेची आणि आळ्याच्या आकाराची असावी. 'असावी' म्हणतोय, कारण न उगवलेलं बी तुम्ही उकरून पाहिलं का, हे पत्रात नाही. यापुढे दहा दिवसांत उगवण दिसली नाही तर खुरप्याच्या टोकाने हलकेच आळं उकरा आणि बघा. बी मऊ होऊन पिचपिचीत झालं असेल, वास येत असेल, तर पाणी जास्त झालं. बी जागेवर नाही, किंवा नुसती टरफलं पडली आहेत, तर उंदीर किंवा खार. बीला कोंब फुटलाय, पण तो वाकून मातीखालीच अडकलाय, तर वरची माती पावसाने चोपून तिची खपली धरली. आणि बी चपटं, पोकळ, होतं तसंच आहे, तर ते मुळात कोवळ्या फळाचं होतं. बाजारातून आणलेल्या भोपळ्याच्या फोडीतल्या बियांचं असं पुष्कळदा होतं. बीसाठी फळ वेलावर पूर्ण पिकू द्यावं, तोडल्यावर आणखी तीन-चार आठवडे तसंच ठेवावं, मग फोडून बिया धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. तुमचं घरचं बी असं धरलेलं नसेल तर आज रात्रीच दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात सात-आठना मोड आले तर बी चांगलं. पाच-सहांनाच मोड आले तर आळ्यात दीडपट टाका. त्याहून कमी असेल तर शेजारून मागून आणा.

आता आळी. मृगाची वाट बघायची सवय कोरडवाहू शेताची आहे. तुमच्या परसाला विहीर आहे, मग थांबायचं कशाला? मेच्या शेवटच्या आठवड्यात बी टोकलंत तर पावसाने जोर धरेपर्यंत वेल स्वतःच्या पायावर उभा राहतो. दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल असे खड्डे घ्या. दोन खड्ड्यांत सहा-सात फूट अंतर सोडा, वेल दहा-पंधरा फूट सहज पळतो. एरवी खड्डे पंधरा दिवस उन्हात तापू द्यायचे, यंदा चार-पाच दिवस तापले तरी चालेल. प्रत्येक खड्ड्यात एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, म्हणजे सात-आठ किलो, आणि दीड-दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळून भरा. शेणखत कच्चं असेल तर घालूच नका. त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि कुजताना तयार होणाऱ्या उष्णतेने कोंब जळतो. भरताना माती जमिनीच्या वर वीतभर उंच येऊ द्या, म्हणजे आळं न होता ढीग होईल. पावसाळी भोपळा ढिगावर आणि उन्हाळी भोपळा खोलगट आळ्यात, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. उन्हाळ्यात पाणी धरून ठेवायचं असतं, तुमच्याकडे जुलैत ते घालवायचं असतं.

ढीग पोटभर भिजवा आणि वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून लाडू करा. बोटाने टोचल्यावर फुटला तर टोका, चिकटून राहिला तर आणखी एक दिवस थांबा. बी आदल्या रात्री कोमट पाण्यात आठ-दहा तास भिजवलं तर एक-दोन दिवस लवकर उगवतं, पण हे देशी, साध्या बीलाच करायचं. पाकिटातलं बी गुलाबी, हिरवं किंवा निळसर दिसत असेल तर त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते भिजवू नका, उघड्या हाताने चाळवू नका, हात लागलाच तर साबणाने धुवा. घरच्या भिजवलेल्या बीला चिमूटभर ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची) पावडर चोळा. रोपं कोलमडून मरण्यावर तो चांगला उतारा आहे.

एका ढिगावर चार बिया, एकमेकींपासून चार-पाच बोटांवर, बोटाच्या पहिल्या पेराइतक्या खोल. बी आडवं ठेवा, टोक वर की खाली याची फार काळजी नको. वरून तिथलीच चिकट माती न घालता चाळलेलं खत घाला, म्हणजे खपली धरणार नाही. एकदा हलकं पाणी द्या आणि मग हात आवरा. बी उगवेपर्यंत रोज पाणी घालण्याच्या हौसेने जितकं बी कुजतं, तितकं इतर कशाने कुजत नसेल. वरचा थर सुकला तरच शिंपडा. उंदीर-खारींसाठी ढिगावर बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या घाला, नाहीतर संध्याकाळी जुनी पाटी पालथी घालून वर दगड ठेवा आणि सकाळी सूर्य उगवायच्या आत काढा.

दोन-तीन खरी पानं, म्हणजे पहिल्या दोन जाड पानांनंतरची, आली की विरळणी करायची. इथे बायकांचा, आणि पुरुषांचाही, जीव होत नाही. चारही चांगली दिसतात म्हणून चारही ठेवतात आणि मग एकालाही धड फळ लागत नाही. सर्वांत जोमदार एक ठेवा, फार तर दोन. बाकीची उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात आणि त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

आता पाकिटातल्या दहा बिया. यांची रोपं करायला मी सांगतोय ते थंडीसाठी नाही. बी मोजकं आणि महाग आहे, प्रत्येक बी डोळ्यांसमोर उगवलेलं हवं, एवढंच कारण. एरवी रोप केल्याने वेळ वाचतो असा जो समज आहे तोही तपासून घ्या. पंधरा दिवसांचं रोप लावलं म्हणजे पीक पंधरा दिवस आधी येत नाही. लावल्यावर ते काही दिवस जागच्या जागी थांबतं आणि त्याच दिवशी थेट टोकलेला शेजारचा वेल महिना-सव्वा महिन्यात त्याला बहुधा गाठतो. फायदा झालाच तर आठवडा-दहा दिवसांचा. मुळं दुखावली तर तोही नाही.

चार बाय सहा इंची काळ्या पिशव्या आणा, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाला चार-पाच भोकं पाडूनही चालतील. एक भाग परसातली माती, एक भाग चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट आधी दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. एका पिशवीत एकच बी. पिशव्या घराच्या पूर्वेला, ओसरीच्या कडेला ठेवा. सकाळचं पाच-सहा तास ऊन लागेल आणि दुपारची कडक तिरीप व पावसाचा मारा चुकेल अशी जागा. विटांवर फळी टाकून त्यावर ठेवल्या तर तळाशी पाणी साचत नाही आणि उंदरालाही सहज पोचता येत नाही. काही कोंब बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊनच वर येतात. ओढून काढायला जाल तर पानं फाटतील. सकाळी पाण्याचा हात लावून टरफल मऊ होऊ द्या, बहुतेकदा ते आपोआप गळतं. टरफल अडकण्याचं मुख्य कारण बी फार वर लावणं किंवा वरची माती सुकणं.

उगवल्यापासून दहा-बारा दिवसांत दुसरं खरं पान दिसू लागतं. तीच लावायची वेळ. यापुढे मोठं होऊ दे, धीट होऊ दे, असं म्हणत थांबू नका. या कुळात मोठं रोप म्हणजे चांगलं रोप असं नसतं. लावण्याआधी तीन-चार दिवस पिशव्या थोड्या थोड्या जास्त वेळ उघड्या उन्हात ठेवा आणि पाणी किंचित कमी करा, पण कोमेजू देऊ नका. संध्याकाळी, शक्यतो ढगाळ दिवशी लावा. आधी पिशवीला पाणी द्या म्हणजे माती धरून राहील. ढिगावर पिशवीच्या मापाचा खड्डा करा, ब्लेडने पिशवी उभी चिरा, मातीचा गड्डा तळहातावर घेऊन जसाच्या तसा खाली सोडा. दांडा पकडून उचलू नका. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच पुरा, त्याहून खोल पुरलेला दांडा ओल्या मातीत कुजतो. वरून दाबून मूठ मारायचीही गरज नाही, पाण्याने माती बसते. ऊन असेल तर दोन दिवस एरंडाच्या पानाची सावली करा.

सहा ढिगांना सहा रोपं लागतील. आठ बिया पिशवीत लावा. एखादी उगवणार नाही, एखादं रोप लुकडं निघेल. उरलेल्या दोन बिया पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा. चांगलं वाळलेलं भोपळ्याचं बी तीन-चार वर्षं सहज टिकतं. देशी बीच्या तीन-चार पिशव्याही याच वेळी भरून ठेवा. ज्या ढिगावर उगवण झाली नाही तिथे नांग्या भरायला त्या कामी येतील. आठ-दहा दिवसांनी नव्याने बी टोकण्यापेक्षा हे बरं, कारण तोवर तुमच्याकडे पाऊस सुरू झालेला असेल.

यजमानांच्या सूचनेला मी नाही म्हणणार नाही. कलिंगडाचे शेतकरी ट्रेमधली रोपं आणतात याला कारणं आहेत. संकरित बी महाग, मल्चिंगच्या कागदावर प्रत्येक भोकात रोप उभं हवं, आणि सगळं पीक एकदम काढायला यायला हवं. परसातल्या सहा वेलांना यातलं काहीच लागू नाही. तरी आणायचीच झाली तर बारा ते पंधरा दिवसांची मागा आणि एक रोप खळग्यातून उपसून बघा. मुळं पांढरी, माती धरून ठेवलेली, पण तळाशी गच्च गोल न झालेली असावीत. पिवळसर तपकिरी मुळांचं, चार-पाच पानांचं उंच रोप कितीही भरदार दिसलं आणि स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. जात विचारून घ्या. परसासाठी दोन-तीन किलोची फळं देणारी अर्का चंदन किंवा आखूड वेलाची पुसा विकास सोयीची. घरात चार माणसं असताना दहा किलोचा भोपळा म्हणजे गल्लीभर फोडी वाटत फिरायचं.

बी थेट टोका की रोप लावा, पहिले वीस दिवस खरा शत्रू एकच : लाल भुंगेरे. नखाएवढे, नारिंगी-तांबडे, चकचकीत. ते बीजदलांना, म्हणजे पहिल्या दोन जाड पानांना, भोकं पाडत सुटतात आणि दोन दिवसांत रोपाची नुसती काडी ठेवतात. त्यांच्या अळ्या खाली मुळं खातात. पहाटे सहा-सातच्या सुमारास ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याची वाटी पानाखाली धरून झटकले की टपाटप पडतात. नऊ वाजता जाल तर हाताला एकही लागणार नाही. दव असताना पानांवर गोवरीची चाळलेली राख भुरभुरायची जुनी रीत कोरड्या दिवसांत उपयोगी पडते, पावसात ती धुऊन जाते. सगळ्यात खात्रीचं म्हणजे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. वाकवलेल्या दोन काटक्यांवर टाकून कडा मातीत दाबा आणि चार-पाच पानं होईपर्यंत तसाच राहू द्या. फुलं यायच्या आत मात्र काढा. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात, उन्हं वर आली की मिटतात आणि त्या दोन-चार तासांत मधमाशी आत जायला हवी. पिशव्यांवरही ही जाळी हवी. ओसरीवर आहेत म्हणून भुंगेरे येणार नाहीत असं समजू नका.

पाऊस लागला की गोगलगायी निघतात आणि एका रात्रीत कोवळा शेंडा कुरतडतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी ढिगांच्या मधे टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ आळ्यात मात्र टाकू नका.

हा सल्ला इतरांनी जसाच्या तसा उचलू नये, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. कोकणात, महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात पावसाच्या आधी दहा-बारा दिवस ढिगावर टोका. सोलापूर-नगरसारख्या कमी पावसाच्या भागात घाई नको. दोन चांगले पाऊस होऊन वाफसा आला की थेट टोकणंच उत्तम, रोपांच्या फंदात पडूच नये. रोप करणं थंडीसाठी उपयोगी पडतं ते देशावर, जानेवारीच्या उन्हाळी लागवडीला. नाशिक-निफाड, पुण्याच्या बाजूला तेव्हा रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो आणि गार, ओल्या मातीत बी दोन आठवडे पडून राहतं किंवा कुजतं. अशा वेळी पिशव्या दिवसा उन्हात आणि रात्री घरात घेतल्या, किंवा काटक्यांवर प्लॅस्टिक टाकून झाकल्या, तर आठवड्याभरात उगवण मिळते. नाहीतर जानेवारी सरेपर्यंत थांबून थेट टोका. गच्चीवर ड्रममध्ये लावणाऱ्यांनी निदान पन्नास लिटरचा ड्रम घ्यावा आणि बी त्या ड्रममध्येच टोकावं. ड्रम हलवता येतो, मग रोप हलवायचं कशाला?

परदेशातल्या मराठी वाचकांची अडचण मात्र अस्सल थंडीची आहे, त्यांनी रोपं जरूर करावीत. पण तिथेही महिनाभर आधी नको, लावण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पुरे. निदान तीन-चार इंची कुंडी घ्यावी, खिडकी कमी पडत असेल तर वरून दिवा लावावा. माती १६-१८ अंशांवर गेली आणि शून्याखालच्या रात्री संपल्या की लावावं. आपला भोपळा ११०-१२० दिवस घेणारा, तिकडच्या थोड्या दिवसांत पिकणाऱ्या जातींच्या वेळापत्रकावर तो चालत नाही. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी मेअखेरीस थेट टोकलेला भोपळाही सप्टेंबरअखेरपर्यंत पिकू शकतो, पण टोरंटोत किंवा इंग्लंडमध्ये रोपं केलेलीच बरी.

ताई, तुमच्यापुरतं आता कामांचा क्रम लावून देतो. खड्डे आज किंवा उद्या. ते तापतायत तोवर पाकिटातल्या आठ बिया पिशव्यांत, आणि त्याच संध्याकाळी देशी बीची मोड चाचणी. चाचणीत मोड आलेल्या बिया टाकू नका, कोंब अर्ध्या सेंटीमीटरच्या आत असेल तर त्या हलक्या हाताने नांग्यांच्या पिशव्यांत लावता येतात. मे संपायच्या आत सहा ढिगांवर देशी बी टोका, दुसरे सहा ढीग पिशव्यांतल्या रोपांसाठी तयार ठेवा. दोन गुंठ्यांत बारा वेल दाटीचे होतील असं वाटत असेल तर कुंपणालगत लावून वेल बाहेरच्या अंगाला वळवा. आणि उकिरड्यावर यंदाही वेल उगवला तर त्याला हात लावू नका, तिथून काढून दुसरीकडे लावायला तर मुळीच जाऊ नका.